अर्ध्याच्या जरा खाली

तांडेलकाका कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचे. चहाचा ग्लास, उन्हात तापलेलं फाटक, इस्त्रीचे कपडे, माझ्या गाडीचं बॉनेट. एकदा मला ताप होता तेव्हा माझं कपाळही त्यांनी तसंच पाहिलं आणि बॉनेटबद्दल बोलायचे त्याच सुरात म्हणाले, "तापलंय. पाणी पाजा याला." हे कुणाला सांगितलं ते कळलं नाही, कारण खोलीत मी एकटाच राहायचो. थोड्या वेळानं काकू पेजेचं पातेलं घेऊन आल्या, तेव्हा कळलं.

"तळहात पकडून बसतो," ते सांगायचे. "उलटा हात आपोआप मागं येतो. बॉयलरवर लागलो त्या दिवशी उस्तादानं एवढं शिकवलं. बाकीचं मी स्वतः शिकलो." हे शेवटचं वाक्य त्यांच्या प्रत्येक गोष्टीच्या शेपटीला असायचं. बढाई मारण्यात त्यांना कसलाही संकोच नव्हता. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, हेही ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. "आमचं घराणं दर्यावरचं. माझ्या नशिबी होडीऐवजी बॉयलर आला, पण कप्तान तो कप्तानच." डहाणूच्या पुढं समुद्रकाठी त्यांचं गाव. तिथून तरुणपणी सिल्वासाला आले आणि मसाटच्या एका सुताच्या कारखान्यात बॉयलर सांभाळता सांभाळता म्हातारे झाले. मी डोकमर्डीत खोली घेतली तेव्हा ते निवृत्त होऊन तळमजल्यावर राहत होते, आणि सांभाळायला बॉयलर उरला नसल्यामुळे सगळी चाळ सांभाळत होते.

मी धुळ्याकडचा. आठवीत शाळा सोडली, गावात बरीच वर्षं इकडं तिकडं केलं, मग गाववाल्यांच्या मागं इथं आलो. आधी कारखान्यात पॅकिंगला, नंतर एका शेठची गाडी चालवायला, आणि शेवटी स्वतःची एक जुनी, चॉकलेटी रंगाची सात सीटर घेतली. खानवेलच्या पलीकडं दुधनीकडं डोंगरातल्या शाळांवर चार शिक्षिका रोज जायच्या. त्यांना नेणं-आणणं हेच माझं बांधलेलं काम. शाळा सोडून पळालेल्या माणसाच्या मागं देवानं रोज चार बाई बसवल्या, याची गंमत मला फार उशिरा कळली. तेव्हा नुसती भीती वाटायची. आरशात त्यांच्यातल्या राणेबाईंचा चष्मा दिसला की मी पाठ ताठ करायचो.

भीती हा माझा जुना आजार. गाडी घेतल्यापासून तो काट्यावर जाऊन बसला. स्टिअरिंगच्या मागं डावीकडं इंजिनाच्या गरमीचा काटा असतो ना, तो. खाली निळी रेघ, वर लाल. माझा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा त्या काट्यावर. संध्याकाळी आईचा फोन यायचा. "जेवना का? गाडी बरी शे ना रे भाऊ?" मी म्हणायचो, बरी शे. आणि फोन ठेवून खाली जाऊन पुन्हा बॉनेट उघडून बघायचो.

तांडेलकाका ओट्यावरून हे सगळं बघत असणार. एक दिवस म्हणाले, "अरे खानदेश, तू गाडीचा मालक आहेस का पेशंटचा नातेवाईक?"

त्यानंतर मी त्यांच्यासाठी कायमचा खानदेश झालो. आमच्याकडची चार पोरं त्या चाळीत होती, पण खानदेश मी एकटाच.

मग एक दिवस व्हायचं तेच झालं. दुधनीच्या चढावर काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटखालून वाफ आली. चारही बाई रस्त्याच्या कडेला पर्स डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. शाळेच्या वाटेवरचा एक टेम्पो त्यांना घेऊन गेला. मी गाडी गार करून, पाणी घालून, हळूहळू सिल्वासाला आणली, ती सरळ नाक्यावरच्या मिस्त्रीकडं. त्यानं नळी सोडून आतून एक पितळी बिल्ल्यासारखी वस्तू काढली, मधे झाकण, खाली स्प्रिंग. म्हणाला, थर्मोस्टॅट जाम झालाय. नवा बसवायचा का, विचारलं तर हसला. "काढी नाखो ने भाई! आपणे त्यां तो आमेय गरमी. एनुं शुं काम?" काढूनच टाक, गरम मुलखात हा पाहिजेच कशाला, थंड देशातल्या लोकांची भानगड आहे, असं म्हणून त्यानं ती वस्तू भंगारात भिरकावली आणि नळी पुन्हा जोडून टाकली.

आणि खरंच, काटा खाली बसला. असा बसला की उठेचना. सकाळी निघालो की खानवेल येईपर्यंत निळ्या रेघेच्या आसपासच. मी इतका खूष झालो की काकांना मुद्दाम गाडीत बसवून दाखवलं.

काकांनी काट्याकडं पाहिलं. बॉनेटला उलटा हात लावला. पेट्रोल किती खातेय ते विचारलं. जरा जास्त खातेय, मी म्हटलं, पण गरम तर होत नाही.

"गरम होत नाही म्हणून खूष आहेस?" ते म्हणाले. "अरे, चूल पेटवली अन् भांडं गारच राहिलं, तर तू आनंदानं नाचशील का? इंजिनाला पण आपली एक गरमी लागते. तेवढ्यावर आलं की ते नीट चालतं. खाली पण नको, वर पण नको. तो थर्मोस्टॅट म्हणजे दारावरचा माणूस होता. पाणी तापेपर्यंत दार बंद, तापलं की रेडिएटरकडं सोडायचं. तू त्याला कामावरून काढलास."

"पण काटा वर जात नाही ना काका."

"सपाटीवर नाही जाणार. आता पाण्याला दोन वाटा आहेत, एक रेडिएटरची अन् एक मागच्या मागं इंजिनात परत जायची. दारावर कुणी नाही. थोडं इकडं जातं, थोडं तिकडं. चढाला सगळं पाणी रेडिएटरला जायला पाहिजे, तेव्हा अर्धं मागल्या वाटेनं तापलेलंच परत येईल. उन्हाळा येऊ दे."

मी ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. घाबरट माणसाला एकदा बरं वाटलं, की त्याला पुन्हा कुणी दार उघडायला सांगितलेलं आवडत नाही.

उन्हाळा आला. त्याच चढावर, त्याच वळणावर, तीच वाफ. यावेळी टेम्पोही आला नाही. बाई चालत गेल्या. संध्याकाळी मी त्यांना परत आणलं. उतरताना राणेबाई दार धरून उभ्या राहिल्या. रत्नागिरीकडच्या, बोलणं अगदी मऊ. "संजूभाऊ, तुमच्याबद्दल आमची काही तक्रार नाही हं. पण शाळा उघडायला आम्हीच असतो. पोरं बाहेर बसून राहतात. आता पुन्हा असं झालं तर आम्हाला दुसरी गाडी बघावी लागेल."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चौघी गेल्या की गाडी उभी, गाडी उभी राहिली की मी घरी. आणि घरी जायचं म्हणजे पाराच्या कट्ट्यावरचं "आलास का परत?" ऐकायचं. मी काकांच्या ओट्याशी जाऊन नुसता उभा राहिलो.

"आला का दारावरच्या माणसाला शोधत?" ते म्हणाले. मग माझं तोंड बघून पुढची थट्टा त्यांनी गिळली. "रविवारी बसवू. पार्ट मी आणतो, वापीहून. तुला काहीतरी भलतंच देतील."

रविवारी सकाळी ते नवा थर्मोस्टॅट घेऊन आले, पण गाडीकडं गेलेच नाहीत. सरळ स्वयंपाकघरात. काकूंनी चहाचं पातेलं ठेवलं होतं, त्यातलं आधण तसंच घेऊन त्यात त्यांनी तो थर्मोस्टॅट दोऱ्यानं टांगून सोडला.

"अहो! चहाचं पातेलं आहे ते!"

"मग? पाणीच आहे ना?"

"त्यात गाडीचा पार्ट उकळणार, अन् मग त्याच्यात आम्ही चहा प्यायचा?"

"तपासल्याशिवाय बसवायचा नाही. नव्यावर विश्वास ठेवणारा बॉयलरवाला मी पाहिला नाही. म्हणजे पाहिला, पण नंतर दिसला नाही."

मग कपाटातून जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला लांब काचेचा थर्मामीटर निघाला. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं शाल-नारळ दिला, तेव्हा यांनी शाल परत करून हा मागून घेतला होता. काकूंना त्या शालीचं दुःख अजून होतं. थर्मोस्टॅटवर ब्याऐंशी आकडा कोरलेला. तितक्यावर तोंड उघडायला पाहिजे, काका म्हणाले. आम्ही तिघं गॅसभोवती उभे. पारा चढत गेला, आणि त्या आकड्याच्या आसपास पितळी झाकण हळूच उचललं गेलं.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "तिसऱ्या उघडतात तसंच की!"

तिसऱ्या म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, उकळल्या की तोंड उघडतात. मी खानदेशातला, मला काय माहीत. काकू खुलासा करायला लागल्या, "अन् जी उकळून पण उघडत नाही ना, ती मेलेली. ती फेकून द्यायची, खायची नाही. याची ती जुनी तसलीच असणार."

काकांनी गॅस बंद केला. पाणी निवत गेलं तसं झाकण पुन्हा मिटलं. "बघ," ते मला म्हणाले, "उघडणं सगळ्यांना दिसतं. मिटतो का, ते पण बघायचं." पातेलं मात्र काकूंनी त्या दिवशीच फाटकाबाहेर कुत्र्याला पाणी ठेवायला काढलं.

आता खरी गोष्ट. काकांनी थर्मोस्टॅट उलटा बसवला.

मी तिथं पान्हा धरून होतो, पण मला कुठं कळत होतं! ते इतक्या रुबाबात काम करत होते की अख्खी चाळ ओट्यांवर येऊन बघत होती. स्प्रिंग बाहेरच्या बाजूला ठेवली. आयुष्यभर त्यांनी सेफ्टी व्हॉल्व्ह हाताळलेले, तिथं स्प्रिंग बाहेरच असते, म्हणून हात आपसूक तसा गेला. नवी रिंग, बोल्ट, नळी, कुलंट. इंजिन चालू केलं. काटा उठला, निळी रेघ सोडली, मधे आला. मी हसायला लागलो. काटा मध्याच्याही पुढं गेला. काकांनी वरच्या रबरी नळीला उलटा हात लावला आणि तिथंच ठेवला. उलटा हात मागं आलाच नाही. नळी थंडगार होती.

"बंद कर!"

मी चावी फिरवली. मला वाटलं, आता पार्टच्या नावानं, वापीवाल्याच्या नावानं, निदान माझ्या नावानं ओरडतील. ते अंगणाच्या मधे गेले आणि सगळ्या ओट्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चूक तांडेलची! उलटा बसवला! दारावरच्या माणसाचं तोंड मी बाहेर केलं, आत पाणी तापतंय हे त्याला कळणारच कसं?"

वरच्या मजल्यावरून कुणीतरी टाळी वाजवली. "कप्तान, होडी बुडाली का?"

"नाही बुडाली. वेळेवर बघितलं म्हणून नाही बुडाली," काका म्हणाले. आणि माझ्याकडं वळून, "बॉयलरवर हा कायदा होता, खानदेश. चूक झाली की मोठ्यानं बोलायची. मनात ठेवली की ती पुढच्या पाळीवाल्याला भोवते."

इंजिन गार होईपर्यंत त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मी घाई केली तर म्हणाले, "गरम झाकण उघडणारा माणूस ते दुसऱ्यांदा उघडत नाही." दुपारच्या जेवणानंतर पुन्हा उघडलं, यावेळी स्प्रिंग आत, इंजिनाकडं. मग फाटकाच्या चढावर गाडीचं तोंड वर करून उभी केली, म्हणजे आत अडकलेली हवा वर येईल. रेडिएटरचं झाकण काढून थंड इंजिन चालू केलं. काका नळी दाबत होते, मी कुलंट ओतत होतो, आणि आतून बुडबुडे येत होते. बराच वेळ येत होते. मग थांबले. झाकण लावलं.

काटा उठला. अर्ध्याच्या जरा खाली आला आणि थांबला. मी वाट बघत होतो तो पुढं जाईल म्हणून. तो गेला नाही. काकांनी नळीला हात लावला, आणि या वेळी हात झटकन मागं आला. "आलं पाणी!" तरी ते हलेनात. इंजिन जागेवर चालूच ठेवलं. मी विचारलं, आता कशाची वाट बघायची? त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. तेवढ्यात समोरून घर्रर्र आवाज झाला. रेडिएटरचा पंखा लागला होता. थोडा वेळ फिरला आणि आपोआप थांबला. काटा तिथंच, अर्ध्याच्या जरा खाली.

मला एकदम बसावंसं वाटलं. मी फाटकाशी मातीतच बसलो. काकूंनी नव्या पातेल्यातला चहा आणला, आणि त्या संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा गाडी बरी शे म्हणताना मला पहिल्यांदा खरं बोलल्यासारखं वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चढ होताच. सकाळी निघताना काका खिडकीशी आले. "आज काट्याकडं किती वेळा बघणार?"

"सारखा."

"तेच नको. सारखं बघणाऱ्याला दिसत नाही. तीन जागा ठरव. खानवेलचा पूल, चढाचा पाय, चढाचा माथा. तिथं बघायचं, मोठ्यानं बोलायचं, अन् मग रस्त्याकडं बघायचं. बॉयलरवर पाळी बदलताना आमचं असंच. जाणारा काटा वाचणार, येणारा काटा वाचणार, दोघं मोठ्यानं. मग येणाऱ्यानं म्हणायचं, 'घेतली.' तो 'घेतली' म्हणेपर्यंत जाणाऱ्यानं हलायचं नाही, अन् म्हटल्यावर मागं वळून बघायचं नाही."

चार शिक्षिकांसमोर मी मोठ्यानं बोलू? खानवेलच्या पुलावर माझ्या तोंडून जेमतेम निघालं, "अर्ध्याच्या जरा खाली."

"काय म्हणालात?" मागून राणेबाई.

मी कानापर्यंत लाल झालो. सगळं सांगितलं, काका, पाळी, काटा. चढाच्या पायाशी आलो. मी बघितलं, पण आवाज फुटेना. तेव्हा राणेबाई पुढं वाकून, वर्गात मुलाला विचारावं तसं म्हणाल्या, "हं, संजूभाऊ? काटा कुठं आहे?"

"अर्ध्याच्या जरा खाली, बाई."

"मोठ्यानं."

"अर्ध्याच्या जरा खाली!"

चौघी हसल्या. चढ सुरू झाला. ते वळण आलं. वाफ नाही. माथा आला, आणि माझ्या आधीच चारही बाई एका सुरात, "अर्ध्याच्या जरा खाली!" मी काट्याकडं बघितलं. अगदी बरोबर होतं. शाळेत माझं उत्तर कधी बरोबर आलं असेल तर मला आठवत नाही. पण ते आलं.

दुसऱ्या गाडीची गोष्ट पुन्हा निघाली नाही. त्या पुलावर आजही कुणीतरी विचारतंच. नव्या आलेल्या बाईंना ही काय प्रार्थना आहे ते कळत नाही, राणेबाई त्यांना समजावतात.

काकांबद्दल एक सांगायचं राहिलं. ते दुसऱ्याच्या गाडीत कधी झोपायचे नाहीत. चाळीतल्या लग्नाला सगळे बसनं गेले, सगळे घोरले, काका ड्रायव्हरच्या मागं ताठ बसून काटे बघत आले. "चालू मशीनसमोर तांडेल डोळा मिटत नाही," हे त्यांचं ठरलेलं. काकू म्हणायच्या, घरात पंख्याखाली सुद्धा आधी पाच मिनिटं पंखा बघतात, मग झोपतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीनं त्यांना गावी बोलावून घेतलं. सामान टेम्पोनं गेलं, ती दोघं माझ्या गाडीतून. काकू मागं मांडीवर देवांची पेटी घेऊन, काका पुढं माझ्या शेजारी, मांडीवर बनियनमध्ये गुंडाळलेला थर्मामीटर. नरोलीपर्यंत ते मला रस्ता शिकवत होते. भिलाडला हायवे लागल्यावर ट्रकवाल्यांना शिकवायला लागले. तलासरी मागं पडल्यावर आवाज बंद झाला. मला वाटलं, सिल्वासा सोडल्याचं वाईट वाटत असेल, म्हणून बोललो नाही. मग सवयीनं, एक पूल आला म्हणून, काटा बघितला आणि मोठ्यानं म्हटलं, "अर्ध्याच्या जरा खाली."

उत्तर नाही.

मी बघितलं. काकांची मान खिडकीकडं कलली होती आणि तोंड थोडं उघडं होतं. आरशात काकू दिसल्या. त्यांनी मला बोटानं खूण केली, गप्प. त्यांचे डोळे भरले होते, पण त्या हसत होत्या. मी गाडी इतकी अलगद चालवली की मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकले.

चिकूच्या वाड्या लागल्या, समुद्राचा वास आला, तसे ते जागे झाले. "मी झोपलो नव्हतो," ते म्हणाले.

"नाही काका."

"डोळे मिटून ऐकत होतो. मशीन कानानं पण बघता येतं."

"हो काका."

मुलीच्या अंगणात गाडी उभी केली. सामान उतरलं, चहा झाला, आणि मी निघताना ते गाडीपाशी आले. मला वाटलं, खांद्यावर हात ठेवतील. त्यांनी बॉनेटला उलटा हात लावला. मग खिडकीतून वाकून आत काट्याकडं बघितलं.

"अर्ध्याच्या जरा खाली," ते म्हणाले. मोठ्यानं.

मला कळलं. मीही बघितलं. "अर्ध्याच्या जरा खाली."

ते हलले नाहीत. माझ्याकडं बघत उभे राहिले.

"घेतली, काका," मी म्हटलं.

तेव्हा ते वळले. दाराजवळ काकू हात हलवत होत्या, मुलगी हलवत होती, नातू हलवत होता. काका त्या सगळ्यांच्या मधून सरळ घरात गेले. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.